सोलापूर : मातीला नाही, चहाला

आमच्या सोलापूरकडं कुणी गेलं की "मातीला जायचंय" म्हणतात. दहन असो की दफन, शब्द एकच. पुण्यात वीस वर्षं काढूनही फोनवर हा शब्द कानावर आला की माझा हात आपोआप मोटारीच्या किल्लीकडं जातो.

गेल्या नोव्हेंबरात असाच फोन आला. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गिरणीतल्या साचेखात्यातला (मागांच्या खात्यातला) जोडीदार गेला होता. आप्पांचं वय ८१. गुडघे धरलेले, साखर वाढलेली. तरी पाच तासांच्या आत आम्ही सोलापुरात होतो. दहाव्याला परत गेलो. तिथं लोक त्यांच्याबद्दल बोलायला लागले. कुणाच्या पोरीच्या फीसाठी त्यांनी अख्खा पगार काढून दिला होता, कुणाची दारू सोडवण्यासाठी रोज पाळी सुटल्यावर त्याला घरापर्यंत चालवत नेलं होतं. परतताना टेंभुर्णी येईपर्यंत आप्पा गप्प. मग म्हणाले, "हे सगळं त्याच्या कानावर कधी घातलं होतं का रे कुणी?"

मी काहीच बोललो नाही.

"चार वर्षं चहाला बोलवत होता मला. बघू, जमवू म्हणत राहिलो. मातीला बरा पाच तासांत पोचलो."

आप्पांकडं एक जुनी डायरी आहे, रेक्झिनच्या कव्हरची. तीत खात्यातल्या सगळ्यांचे पत्ते आणि फोन. कुणी गेलं की ते नाव खोडत नाहीत, पुढं पेन्सिलीनं बारीक 'कै.' लिहितात. त्या रात्री त्यांनी पानं उलटली आणि 'कै.' नसलेली नावं मला मोजायला लावली. पाच निघाली. सहावी त्यांची थोरली बहीण, मंगळवेढ्याची अक्का. तिचं नाव डायरीत नव्हतं. तिचा नंबर त्यांना पाठ आहे.

जानेवारीत मी चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "लग्न आहे का?" नाही म्हणालो. "मग कोणी...?" तेही नाही म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, खोटंच कारण दिलं असतं तर सोपं गेलं असतं.

शुक्रवार

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस. घरची मोटार दारात असताना रेल्वे, कारण आप्पांचं म्हणणं, "मोटारीनं आपण मातीला जातो."

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांच्या आठवणीत गाडीला हे नाव दिलंय. १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्यात फाशी दिलं. पुण्याहून सोलापूरची जी वाट त्या चौघांना परत चालता आली नाही, तीवर त्यांच्या नावाची गाडी रोज जाऊन-येऊन करते. आठवलं की मला ते दर वेळी टोचतं. डब्यातल्या बाकीच्यांना टोचत असेल असं दिसलं नाही, ते भेळ खात होते.

आपण येतोय हे कुणालाही कळवायचं नाही, हा आप्पांचा दुसरा हट्ट. "कळवलं की बायका स्वयंपाकाला लागतात आणि म्हातारे दाढी करून बसतात. मला जसे आहेत तसे बघायचेत." मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पुढं जे झालं त्यावरून माझंच बरोबर होतं असं आजही वाटतं.

दहाच्या सुमाराला सोलापूर. स्टेशनजवळच्या लॉजवर गरम पाणी 'सकाळी येईल' असं सांगितलं. सकाळी ते आलं नाही.

शनिवार

आधी सिद्धेश्वर. तळ्यातलं मंदिर, पाण्यावर धुकं, आणि पलीकडं भुईकोट किल्ल्याची काळी भिंत. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून उभे होते. संक्रांतीला इथं अक्षता सोहळा होतो. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून एक कुंभारकन्या अडून बसली. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्नाची परवानगी दिली, अशी कथा. ते लग्न सोलापूर अजून दर वर्षी लावतं. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, आणि माणसं आपल्याच घरचं कार्य असल्यासारखी पांढऱ्या बाराबंदीत येतात. मी लहान असताना आप्पांच्या खांद्यावरून हे पाहिलंय. त्यांना तो खांदा आठवत नव्हता, त्या दिवशी माझी चप्पल हरवली होती ती आठवत होती.

आवारातल्या समाधीपुढं ते बराच वेळ उभे राहिले. "यांनी संजीवन समाधी घेतली. वेळ आपली आपण ठरवली," म्हणाले. "आपल्याला ती सोय नाही, म्हणून उरकून घेतलेलं बरं." मला वाटलं ते मरणाबद्दल बोलतायत. ते दिवसभराच्या चहांबद्दल बोलत होते.

रिक्षा भैय्या चौकातून नेली, डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, चौघं परतले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथंच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वारले, बत्तिसाव्या वर्षी. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. आप्पा एवढंच म्हणाले, "निघताना घरचं कुणीतरी म्हणालंच असेल, लवकर ये म्हणून."

मग पूर्व भाग. इथं गल्लीत शिरायच्या आधी गल्लीचा आवाज येतो. यंत्रमागांची खटखट, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न थांबता चालू. दारांवर तेलुगू पाट्या, ओट्यांवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. सोलापुरी चादर म्हणून जगाला जे ठाऊक आहे ते या पद्मशाली घरांच्या हातातून आलंय. डायरीतल्या पाचांपैकी आमचे अन्ना यातलेच. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घराच्या मागं चार माग टाकले. आता पोरगा टॉवेल काढतो.

अन्ना ओट्यावर बनियनवर बसले होते. आप्पांना रिक्षातून उतरताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आमच्याशी काही न बोलता ते मान वळवून घरात बायकोला ओरडले, "एवरु पोयारु?"

म्हणजे, कोण गेलं?

आत भांडं पडल्याचा आवाज आला. आप्पा दोन्ही हात हलवत सांगत होते, "कुणी नाही अन्ना, कुणी नाही! चहाला आलोय!" अन्नांना ते खरं वाटेना. चहा आला, अर्धा झाला, तरी ते मधेच थांबून माझ्याकडं बघत, हा पोरगा आता काहीतरी सांगेल म्हणून. शेवटी आप्पांनी डायरी काढून दाखवली, पाच नावांची. तेव्हा कुठं ते हसले. मग आप्पांचा हात धरून मागं शेडमध्ये घेऊन गेले. माग चालू असताना एक धागा तुटला. अन्नांनी पोराला बाजूला सारून स्वतः गाठ मारली, आणि आप्पांकडं अशा नजरेनं पाहिलं की बघ, अजून जमतं. आप्पा माझ्या कानाला लागून म्हणाले, "खात्यात याच्यासारखी गाठ कुणाची नव्हती." मी म्हणालो, "मला कशाला सांगताय, त्यांना सांगा." त्यांना अवघड गेलं. पण सांगितलं, मागाच्या आवाजात ओरडून. अन्नांनी "काय?" म्हणून ते दोनदा म्हणवून घेतलं. मला वाटतं त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

दुपारी विजापूर वेशीतले चाचा. त्यांनी दार उघडलं आणि थेट विचारलं, "कौन गया?" डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. चहा त्यांना मोजून मिळतो, त्यातला अर्धा कप त्यांनी आमच्यासाठी उचलला आणि सूनबाईंची बोलणी खाल्ली. आजारपणाविषयी त्यांना एक अक्षर बोलायचं नव्हतं. आप्पांशी मात्र भांडले, खरं भांडले. रात्रपाळीला धोटा उडून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, कपाळाला लागला तो कुणाच्या मागाचा, यावर. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघंही आवाज चढवून बोलत होते आणि सून दारात उभी राहून मला खुणेनं विचारत होती, थांबवू का? मी नको म्हणालो. निघताना चाचा म्हणाले, "तेरा ही था. फिर आके कबूल कर."

तिसऱ्या घराला कुलूप होतं, ते मुलाकडं हैदराबादला गेले होते. चौथे गृहस्थ झोपलेले, मुलानं उठवलं नाही. आम्हीही आग्रह धरला नाही, त्याची हळहळ आप्पांना रात्री वाटली. पाचवे फोनवरच भेटले, गावी होते. त्यांनीही हॅलोच्या आधी तेच विचारलं.

संध्याकाळी डायरीत नसलेल्या एका घरी गेलो. नोव्हेंबरात गेलेल्या जोडीदाराच्या घरी, वहिनींकडं. त्यांनी आम्हाला पाहून पदर तोंडाला लावला आणि कानडीत विचारलं, "यारु होदरु?"

तेलुगू, उर्दू, कानडी. एका दिवसात या गावातल्या तीन भाषांत मी तो एकच प्रश्न ऐकला. मराठीतला उरला होता, तो उद्या ऐकायचा होता. माणूस नुसता दारात आला तर कुणाचा तरी जीव गेलेला असणार, अशी आपली ख्याती आपणच केलीय.

वहिनी म्हणाल्या, "दहाव्यापर्यंत चपला ठेवायला जागा नव्हती. अकराव्या दिवसापासून मी आणि टीव्ही." मग उठून चहा केला. आप्पांचे जोडीदार भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसलेले. त्यांचा तो चार वर्षं राहिलेला चहा आप्पा प्यायले, आणि दहाव्याला ऐकलेलं सगळं वहिनींना एकेक करून सांगत बसले. पगाराची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. त्या महिन्यात पाकीट मारलं गेलं असं नवऱ्यानं घरी सांगितलं होतं म्हणे. "आणि मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या, मग ते हसणं लवकर थांबेना.

रविवार

भाड्याची गाडी करून मंगळवेढा. सोलापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ही मंगळवेढ्याची मालदांडी, काळ्या रानातली, बऱ्याच ठिकाणी नुसत्या ओलीवर येणारी. बेगमपूरला भीमा ओलांडली. पलीकडं माचणूर. तिथल्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं पडून होती. मुलगे लांब, पत्रांवर सगळा कारभार. दख्खनमध्ये आलेला हा म्हातारा परत दिल्लीला गेलाच नाही, १७०७ साली नगरला संपला. एवढ्या मोठ्या बादशहाला रजा मिळाली नाही, मी तर चार दिवस मिळवले होते.

गावात शिरल्यावर आप्पांनी आधी चोखोबांच्या नावानं हात जोडले. कथा आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं, भिंत कोसळली, खाली गाडलेल्या मजुरांत चोखामेळा. साल १३३८. नामदेव आले आणि ढिगातून हाडं उचलून कानाला लावू लागले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारापाशी समाधी बांधली. लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता दुसरंच दिसतं. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याची हाडं देवाच्या दारात. त्याच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा. मेल्यावर मान द्यायची खोड आपल्याला फार जुनी आहे.

अक्का, म्हणजे माझी आत्या, ८६ वर्षांची. अंगणात शेंगा निवडत होती. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला, आणि मग हातातलं सूप तसंच टाकून उभी राहिली.

"बाळ्या! कोण गेलं रं?"

आणि उत्तराची वाट न बघता रडायलाच लागली. आप्पा धावले म्हणवत नाही, पण त्यांच्या गुडघ्यांना जमेल तेवढं ते धावलेच. "कुणी नाही गं अक्का. चहाला आलोय."

"चहाला? पुण्यावनं?"

"पुण्यावनं."

तिनं डोळे पुसले आणि पहिलं काम केलं ते शिव्या घालण्याचं. कळवलं का नाही, घरात दूध नाही, म्हातारीचा जीव घ्यायला आलास व्हय. त्या शिव्या खाताना आप्पांच्या तोंडावर जे सुख होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात ते आप्पा आहेत, आजोबा आहेत, सोसायटीत काका आहेत. बाळ्या म्हणणारं माणूस या पृथ्वीवर एकच उरलंय, आणि ते दूध नाही म्हणून चिडलं होतं.

दुपारी रानात गेलो. आतेभावानं आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजली आणि हातावर चोळून हुरडा पाडला. सोबत शेंगाचटणी. दुकानातली नव्हे, उखळात कुटलेली, जिला मुठीत दाबलं की तेल सुटतं ती. आणि कडक भाकरी, गूळ, दही. मी खात असताना ऑफिसचा फोन आला. उठून बांधावर गेलो, बोलून आलो. अक्का म्हणाली, "त्या पुंडलिकानं आईबापाचे पाय चेपायचे म्हणून देवाला इटेवर थांबवलं. तुला येक फोन थांबवता येईना?" सगळे हसले. फोन मी गाडीत ठेवून आलो.

मग ती बोलायला लागली. समोर आप्पा बसलेले, पण ती आमच्याकडं, पोरांकडं बघून बोलत होती, जणू ते तिथं नव्हतेच. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. ह्यो गिरणीत. दर पंधरा दिसाला यष्टीनं यायचा, रेशनचा मिलो घेऊन, निम्मा स्वतःच्या घरातला. लाल भाकरी व्हायची त्याची, तोंडात घास फिरायचा. पर पोरं जगली त्याच्यावर. ह्याची बायकू तवा पोटुशी व्हती, तिच्या ताटातलं काढून आणायचा. मला ठावं होतं. मी घेतलं. आणि आजवर कधी बोलले न्हाई."

पोटातलं ते मूल म्हणजे माझा थोरला भाऊ.

आप्पांना यातलं काही आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं त्यांनी दाखवलं. ते खाली बघून कणसाचा एकेक दाणा सोलत होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी वाटी पुढं केली. "अक्का, चटणी वाढ."

तिनं वाढली. पाहिजे होती त्याच्या तिप्पट.

पंढरपूर पंचवीस किलोमीटरवर होतं. जाऊ या का, मी विचारलं. आप्पा म्हणाले, "तो अठ्ठावीस युगं उभा आहे, अजून राहील थोडा." ती संध्याकाळ ते अक्काच्या ओट्यावर बसून राहिले. दोघं फारसं बोललेही नाहीत. तिनं शेंगा निवडल्या, त्यांनी टरफलं गोळा केली.

निघताना तिनं चटणीचा डबा दिला, वर फडकं बांधून. आणि आप्पांना म्हणाली, "आता मातीलाच येशील."

"का? पाडव्याला येतो की."

"येशील?"

"चहा टाकून ठेव."

सोमवार

सकाळची साडेसहाची गाडी. चटणीच्या डब्यातून तेल झिरपून माझ्या बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागलं होतं. आप्पा खिडकीशी डायरी घेऊन बसले. पेन्सिल काढली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण ते 'कै.' नव्हतं. पाच नावांसमोर ते तारखा घालत होते. झोपलेल्या गृहस्थांसमोर प्रश्नचिन्ह.

मी त्यांच्याकडं बघत होतो. तीन दिवस लोकांच्या म्हाताऱ्यांना बोलतं करत फिरलो, दुसऱ्याला सांगा म्हणून आप्पांना टोचलं. आणि हा माणूस बारा वर्षं माझ्याच घरात आहे. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, टीव्हीचा आवाज कमी करा, याच्या पलीकडं मी शेवटचं काय विचारलं होतं ते मला आठवेना. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्याबद्दल तर आम्ही दोघं बोलायचं टाळतोच.

गाडी कुर्डुवाडीला थांबली. चहावाला आला. दोन घेतले.

"आप्पा," मी म्हणालो, "आईला तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिलंत?"

त्यांनी डायरी मिटली. माझ्याकडं नाही, खिडकीबाहेर प्लॅटफॉर्मकडं बघितलं.

"इथंच की," ते म्हणाले. "तुला सांगितलं नाही कधी? तेव्हा इथून बार्शीची छोटी गाडी सुटायची. हे सगळं असं नव्हतं. तिकडं, तो पाण्याचा नळ दिसतोय ना, त्याच्या पलीकडं ती गाडी लागायची. तिच्या हातात एक पिंजरा होता."

"पिंजरा?"

"पोपटाचा. रिकामा. थांब, आधी पोपटाचं सांगतो."